पद्मिनीचं इंजिन घरी बांधताना

सकाळच्या पहिल्या स्टार्टला मागून निळा धूर येऊन दोन मिनिटांत विरत असेल तर इंजिन खोलायची घाई करू नका. रात्रभर व्हॉल्व्ह गाईडमधून झिरपलेलं ऑइल जळत असतं, एवढंच. पण इंजिन गरम असताना, चढाला दाबल्यावरही निळं निघतंय, दर दोन-तीनशे किलोमीटरला ऑइल ओतावं लागतंय आणि ऑइलचं झाकण काढलं की आतून फुसफुस धूर येतोय, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा.

तरीही आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर सुटी करा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या भोकाचा. तिथेच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा, म्हणजे नुसतं हेड, इंजिनाचा वरचा भाग, उतरवून काम भागेल. मी पहिल्या वेळी ही चाचणी केलीच नाही. थेट पाना हातात घेतला. तुम्ही तसं करू नका.

हे सगळं मी प्रीमियर पद्मिनीबद्दल लिहितोय, कारण माझ्या अंगणात तीच आहे आणि शिकायला तिच्याइतकं सरळ इंजिन दुसरं नाही. मूळ फियाट ११००चं हे इंजिन: चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा, हेड ऍल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह दाबायला वर पुश रॉड आणि रॉकर. क्रँकला तीन मेन बेअरिंग. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी वर्षानुवर्षं बनली आणि टॅक्सी म्हणून इतकी फिरली की तिचे सुटे भाग आणि तिची विद्या, दोन्ही गल्लोगल्ली पसरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्यामुळे आता पार्ट शोधावे लागतात. पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या बाजारात चकरा मारायची तयारी ठेवा. आणि इंजिन खोलायच्या आधी एक चक्कर मारा: पिस्टन सेट, बेअरिंग आणि फुल पॅकिंग सेट मिळतोय याची खात्री झाल्याशिवाय गाडी जमिनीला खिळवू नका.

घरी काय, बाहेर काय

बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कापणं ही चार कामं मशीनवरची. ती घरी होत नाहीत. बाकी सगळं, म्हणजे खोलणं, मोजणं, धुणं, जुळवणं, रंगवणं, घरी होतं. आम्हा कोल्हापूरकरांना उद्यमनगरची वर्कशॉपं हाताशी आहेत हे भाग्य. तुमच्या गावातही जुना लेथवाला असेल, शोधा.

हत्यारांत काटकसर एकाच ठिकाणी करू नका: टॉर्क पाना. बाकी सॉकेट सेट, रिंग पाने, फीलर गेज, व्हर्नियर, पिस्टन रिंग कॉम्प्रेसर, नरम हातोडी. मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर क्रँक लेथवाल्याकडेच मोजून घ्या. शिवाय वर्कशॉप मॅन्युअलची प्रत हवीच. किती किलोला कुठला नट आवळायचा हे त्यातूनच घ्या. कट्ट्यावर ऐकलेले आकडे दर माणसाला बदलतात.

बाहेर काढणं

बॅटरी सुटी करा, पाणी आणि ऑइल काढा, बॉनेट आणि रेडिएटर उतरवा. वायर सोडण्याआधी प्रत्येक टोकाला कागदी टेप चिकटवून नाव लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटो जवळून एक आणि लांबून एक, नाहीतर तीन महिन्यांनी नुसता एक नट दिसतो आणि तो कुठला ते आठवत नाही.

इंजिन चेन कप्पीनेच उचला. घराच्या तुळईला कप्पी टांगायचा मोह होतो. तुळईचं वय गाडीपेक्षा जास्त असेल तर तो आवरा आणि लोखंडी तिपाई भाड्याने आणा. इंजिन टांगलेलं असताना खाली हात, पाय, मूल, कुत्रं काहीही नको. गिअरबॉक्स जॅकवर टेकवून गाडीतच ठेवला तरी चालतो, फक्त इंजिन सरळ पुढे सरकवून मगच वर घ्या, नाहीतर क्लच प्लेट वाकते.

खोलणं

वरून खाली यायचं: रॉकर, पुश रॉड, हेड, टायमिंग चेन, मग उलटं करून चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) आणि ऑइल पंप, शेवटी पिस्टन आणि क्रँक. हेडचे नट गार इंजिनावरच सोडा, बाहेरून आत येत, प्रत्येकी पाव-अर्धा फेरा. ऍल्युमिनियमचं हेड एका बाजूने सोडलं तर वाकायला वेळ लागत नाही.

पुश रॉड ठेवायला बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडा, आकडे घाला. पुश रॉडखालचा, कॅमवर टेकणारा टॅपेटही ज्या घरातला त्याच घरात परत गेला पाहिजे, कारण कॅम आणि टॅपेट एकमेकांना घासून जुळलेले असतात. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या कॅपवर खुणा आहेत का पाहा. नसतील तर सेंटर पंचने ठिपके मारा, एक ते चार. एका रॉडची कॅप दुसऱ्याला बसवली तर ती बसते, पण क्रँक फिरत नाही.

बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवा. जिथे रिंग पोचत नाही तिथे न झिजलेला ओठ राहिलेला असतो. नख अडखळलं तर पिस्टन वरून ठोकून काढू नका, आधी ओठ रीमरने काढा, नाहीतर पिस्टनचे कडे तुटतात.

मोजणं

महागडा बोअर गेज नसला तरी झीज घरी कळते. जुनी वरची रिंग सुटी बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सपाट करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलरने मोजा. एकदा ओठाच्या लगेच खाली, एकदा अगदी तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत. समजा वर ०.७५ मिलिमीटर आली आणि तळाशी ०.४५. फरक ०.३०. त्याला ३.१४ ने भागा: सुमारे ०.१० मिलिमीटर. एवढा व्यास वर वाढलाय. परिघाची वाढ व्यासात आणली, एवढंच गणित. या पद्धतीने बोअर लंबगोल झालाय का ते कळत नाही, पण रिंगांवर भागेल की बोअर करावा लागेल याचा अंदाज पक्का येतो. झीज ०.१० च्या वर गेली असेल तर नव्या रिंगांवर पैसे घालू नका, त्या सहा महिने टिकतील आणि धूर परत येईल.

क्रँकच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावरून, नख आडवं फिरवा. रेघ लागली तर ग्राइंडिंग. बेअरिंग अंडरसाइज दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांनी येतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा थाऊ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. क्रँक आधी किती वेळा कापला गेलाय ते जुन्या बेअरिंगच्या पाठीवर कोरलेलं असतं, ते वाचा. वाचल्याशिवाय भंगारात टाकू नका.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून ०.०५ चा फीलर खाली सरकतो का पाहा. सरकला तर फेसिंग. एकदा तापलेल्या गाडीचं हेड सपाट निघालं तर नशीब समजायचं.

लेथवाल्याकडे

नियम एकच: पिस्टन आधी, बोअर नंतर. नवे पिस्टन हातात असतील तेव्हाच ब्लॉक न्या आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला मापून करून घ्या. मी एका वर्कशॉपवर विश्वास ठेवून ब्लॉक तसाच टाकून आलो. त्यांनी पहिल्या ओव्हरसाइजला, म्हणजे मूळपेक्षा एक पायरी मोठ्या मापाला, बोअर करून ठेवला आणि त्या मापाचा सेट कुठेच मिळेना. शेवटी पुढच्या मापाला पुन्हा बोअर करावा लागला, म्हणजे ब्लॉकचं एक आयुष्य फुकट गेलं. ब्लॉक पुरता संपलेला असेल तर स्लीव्ह (आत बसवायची नळी) मारून पुन्हा स्टँडर्डवर, मूळ मापावर, आणता येतो, तो खर्च वेगळा.

बोअरवर शेवटी होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासल्याच्या, तिरक्या रेघा हव्यात, जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. आरशासारखा चकचकीत बोअर बघायला छान, पण त्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

ब्लॉकच्या अंगावरचे वाटीसारखे पत्र्याचे प्लग तिथेच काढून घ्या. आमच्या ब्लॉकमधून चौथ्या सिलिंडरच्या मागे निघालेला गाळ चहाच्या कपात मावला नसता. बोअरवेलचं क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं घातल्याचा प्रसाद. गाडी शेवटच्या सिलिंडरला तापते त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

धुणं

वर्कशॉपमधून ब्लॉक चकाचक होऊन येतो आणि माणूस लगेच जुळवायला बसतो. थांबा. होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी त्या तिरक्या रेघांमध्ये बसलेली असते. डोळ्यांना दिसत नाही. ती ऑइलमध्ये मिसळली की नव्या रिंगा आणि नवी बेअरिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये घासून खाते. आणि ही भुकटी पेट्रोल-डिझेलने निघत नाही. डिझेल ती आणखी आत ढकलतं. ती निघते कढत पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने.

मी अंगणात बंब पेटवला होता. ब्लॉक दोन विटांवर उभा केला, नायलॉनचा बाटली धुवायचा ब्रश घेतला आणि प्रत्येक बोअर साबणाने घासला, खालीवर नाही तर रेघांच्या दिशेने गोल फिरवत. ऑइलच्या वाहिन्यांचे प्लग काढून त्यांतूनही ब्रश घातला. मग आजोबांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा ऑइलमध्ये ओला करून बोअरमध्ये फिरवला. तुकडा राखाडी निघाला. पुन्हा साबण, पुन्हा कढत पाणी. पुन्हा तुकडा. तिसऱ्या वेळेलाही फिकट राखाडी. शेजारचे एक निवृत्त मिस्त्री कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "किती धुताय मालक? लगीन हाय काय त्याचं?" मग स्वतःच आत आले, तुकडा उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "अजून एकदा धुवा." पाचव्या वेळी कापड पांढरं निघालं.

धुतल्यावर लगेच हवेने वाळवा आणि ऑइलचा हात फिरवा. ओल्या बिडावर पाच मिनिटांत तांबूस गंज चढतो, डोळ्यांदेखत.

क्रँकच्या ऑइल भोकांतूनही तार-ब्रश घालून ग्राइंडिंगचा कचरा काढा. आणि कॉस्टिक सोड्यापासून ऍल्युमिनियम व जस्ताचे भाग लांब ठेवा. बिडाचा ब्लॉक त्यात निघतो, पण सोलेक्स कार्ब्युरेटरचं झाकण मी हौसेने सोड्याच्या बादलीत टाकलं तेव्हा ते फेसाळलं आणि बाहेर काढलं तर काळं, खरखरीत, कडा खाल्लेलं. नवं शोधायला दोन महिने गेले.

रंग आता, नंतर नाही

ब्लॉक एरवी कधीच इतका स्वच्छ नसतो, म्हणून रंग आत्ताच द्या. मशीन केलेले सगळे पृष्ठभाग आणि भोकं टेपने झाका, थिनरने पुसा, पातळ दोन-तीन हात मारा. मूळ रंग हवा असेल तर माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली बघा, तिथे तो टिकलेला असतो. ब्लॉकला साधा इंजिन इनॅमल पुरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र उष्णतारोधक रंगच, नाहीतर पहिल्याच दिवशी पापुद्रे.

बाहेरचे नट-बोल्ट, ब्रॅकेट, क्लिपा झिंक प्लेटिंगला द्या, चेहरामोहरा बदलतो. पण रॉडचे, मेन बेअरिंगचे आणि हेडचे बोल्ट त्या पिशवीत जाऊ देऊ नका. प्लेटिंगमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. हेड आरशासारखं पॉलिश करण्याची फॅशन मला पटत नाही. कारखान्यातून ते कधी तसं आलंच नव्हतं. बारीक ब्रशने राखाडी, स्वच्छ, कोरडं दिसलं की झालं.

जुळवणं

बेअरिंगच्या घरात आणि शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या, पाठीला ऑइल नाही, कोरडं. शेलच्या पोटाला भरपूर ऑइल. क्रँक बसवा, कॅप आवळा आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. कुठल्या कॅपला जड झाला ते तिथल्या तिथे कळतं. ऑइल लावण्याआधी प्लास्टिगेजची मेणासारखी तार ठेवून, क्रँक न फिरवता कॅप आवळून फट तपासली तर अधिक चांगलं: जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी फट ठीक, म्हणजे पन्नास मिलिमीटरला ०.०५.

रिंगांची फट आता नव्या बोअरमध्ये मोजा. ६८च्या बोअरला ०.२० ते ०.३० च्या आसपास हवी. कमी असेल तर बारीक कानसीने टोक घासा, बाहेरून आत. फट नसली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून १२० अंशांवर. रॉडला बोल्ट उभे असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर पिस्टन आत जाताना ते क्रँकवर ओरखडा काढतात. पिस्टन लाकडी दांड्याने हलकेच ठोकत घाला. अडला तर थांबा. रिंग बाहेर आलेली असते. जोर केला तर नवी रिंग गेली.

टायमिंगच्या दोन्ही चाकांच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवा. हेड पॅकिंग कोरडंच बसवा. काही इटालियन पॅकिंगवर 'आल्टो' असं असतं. मारुतीशी संबंध नाही, इटालियनमध्ये ते 'वर'. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

टॅपेट सेटिंगला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावायला, बेरीज पाचचा नियम लक्षात ठेवा. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे. आणि उलटं. फीलर अडकत-सरकत निघाला पाहिजे, वहीच्या पानांतून पोस्टकार्ड ओढल्यासारखा.

डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, बसवतानाही हेच: चौथ्याचे रॉकर हलत असताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो, तेव्हा रोटर पहिल्याच्या वायरकडे हवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मी तो अर्धा फेरा चुकवला होता. कार्ब्युरेटरमधून असा आवाज आला की गल्लीतली मुलं पळत आली. म्हणून पहिल्या स्टार्टला आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेवा.

पहिला स्टार्ट आणि पहिले पाचशे

प्लग काढून ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, पातळ आधुनिक सिंथेटिक नको. कॅम-टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. जुने ठेवले असतील तर एवढं करायची गरज नाही, पण तासभर आयडलवर घुरघुरत ठेवण्याची जुनी पद्धतही सोडा. रिंगा दाबाने बसतात, आयडलने नाही.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात मऊ पडून झिरपायला लागतं, तेही गरम मॅनिफोल्डच्या शेजारी.

गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासा आणि टॅपेट पुन्हा लावा. पॅकिंग थोडं बसलेलं असतं. मग सपाट रस्त्यावर न्या. आम्ही सांगली रस्त्याला गेलो, जोतिबाचा डोंगर नंतरसाठी ठेवला. तिसऱ्या-चौथ्या गिअरात थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. एकाच वेगाने तासन्‌तास नाही. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला तर बाजूला घ्या.

पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. पातेल्यात काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. चुंबकाला काळी बारीक लव चिकटली तर ती नव्या रिंगांची, चालायची. उन्हात पातेलं हलवल्यावर सोनेरी किंवा चंदेरी चमक तरंगली, जी चुंबकाला लागत नाही, तर बेअरिंग. तेव्हा चेंबर परत उतरवा, कितीही कंटाळा आला तरी.

माझ्या पातेल्यात फक्त काळी लव होती. मिस्त्रींनी बोट बुडवून उजेडात धरलं, धोतराच्या उरलेल्या तुकड्याला पुसलं आणि विचारलं, "आता गिअरबॉक्स कधी खोलायचा?"